आणखी सराव हवा

द्वारका, नवी दिल्ली
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

गिरिजा,

रविवार, ९ नोव्हेंबर, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. ही वेळ मी अंदाजानं लिहीत नाही, सोसायटीच्या गेटवरच्या कॅमेऱ्यात ती आहे. खांद्याला पिशवी, हातात निळी बॅग, पायांत मी दिलेले बूट. गार्डनं विचारलं, "दीदी, किधर?" तू मानसुद्धा वळवली नाहीस.

माझा नंबर तू बंद करून टाकला आहेस. व्हॉट्सॲपवर एकच खूण येते. म्हणून पत्र लिहिते आहे. तुझ्या भावाचा, हणमंतचा, पत्ता केंद्रात होता, त्या पत्त्यावर पाठवते.

हे पत्र दुसऱ्या कुणाच्या हाती पडलं तर त्यालाही प्रकरण समजावं म्हणून रीतसर लिहिते. हिंगोली जिल्ह्यातून ज्या आठ बायका जानेवारीत फरीदाबादच्या आमच्या केंद्रात रुग्णसेवेचं शिक्षण घ्यायला आल्या, त्यांतली तू एक. तिथे मी आठवड्यातून दोनदा संभाषण आणि वर्तणूक शिकवते, एक पैसा न घेता. चार महिने वर्ग, मग कुणाच्या तरी घरी खऱ्या रुग्णाजवळ एक महिना सराव, मग परीक्षा, मग नोकरी. तुझा सराव माझ्या घरी ठरला, कारण माझ्या नवऱ्याला, विश्वासला, मार्चमध्ये पक्षाघात झाला होता आणि रुग्ण घरातच होता. मे महिन्यापासून तू माझ्याकडे होतीस. मी तुला घरच्यासारखं वागवलं. तुला स्वतंत्र खोली होती. बाल्कनी बंद करून केलेली खोलीही खोलीच असते.

आणि तू काय केलंस? ज्या माणसाला स्वतःच्या अंगावरचं पांघरूण सारखं करता येत नाही, त्याला सोडून निघून गेलीस. शेजारच्या चड्ढाबाई तेव्हा घरात होत्या, म्हणून निभावलं.

मी वर्षातून एकदा दिवाळी मिलनाला जाते. यंदा तिथे, पहाडगंजला, माझा सत्कार होता, ग्रामीण महिलांसाठी केलेल्या कार्याबद्दल. अंगावर शाल पडली आणि पर्समधला फोन वाजला. ती शाल मी घरी आल्यापासून उघडलेली नाही.

जेवताना आपलं काहीतरी बोलणं झालं होतं, ते किरकोळ होतं. तेवढ्यावरून कुणी घर सोडत नाही. बत्तीस वर्षं मी एका सरकारी कंपनीच्या पर्सोनेल विभागात काढली. न सांगता निघून गेलेल्यांच्या किती चौकश्या मी केल्या, त्याची मोजदाद नाही. प्रत्येकाकडे कारण असायचं. 'सांगून का गेला नाहीत?' या प्रश्नाचं उत्तर मात्र एकाकडेही नसायचं.

घरी आल्यावर केंद्राला कळवणं माझं कर्तव्य होतं, ते मी केलं. नियम सगळ्यांना सारखा असतो.

वासंती टिपणीस


द्वारका
गुरुवार, २० नोव्हेंबर

गिरिजा,

पत्र पोचल्याचं पोस्टानं कळवलं. सही हणमंतची आहे. म्हणजे तू गावीच आहेस, आणि वाचूनही गप्प आहेस. ठीक.

तुझ्या जागी, घरोघरी कामाला माणसं पुरवणाऱ्या एका ब्यूरोतून बाई आली आहे. ती विश्वासला कुशीवर वळवते ते गादी झटकावी तसं. दिवसभर मोबाईल. काल मी तिला म्हटलं, "फोन रखो, मरीज़ को देखो." तर म्हणाली, "मैडम, वो सो रहे हैं. सोते हुए क्या देखूँ?" उलट उत्तरं तुझ्यासारखीच देते, काम मात्र तुझ्यासारखं करत नाही.

विश्वास माझ्या हातून जेवत नाही. डाव्या हातानं चमचा बाजूला सारतो. तू त्याला भरवताना टीव्हीवरच्या मालिकेतल्या सासूला शिव्या घालायचीस, त्याशिवाय त्याला आता घास उतरत नाही, असं मी नीरजाला सांगितलं. माझी मुलगी तुला माहीत आहे. ती रविवारी नोएडाहून आली होती. दारातूनच विचारायला लागली.

"मम्मा, गिरिजा कुठेय?"

"पळून गेली."

"पळून? का, कैदेत होती?"

तिनं पर्स टेबलावर टाकली.

"तिचा सराव किती दिवसांचा होता गं?"

"शिकण्याला मुदत नसते."

"अच्छा! आणि कांदे चिरणं कुठल्या विषयात येतं? मला बिल्कुल बघायचाय तो सिलॅबस."

"तू जेवायला आली आहेस की चौकशीला?"

"जेवायलाच आले होते यार. पण आता जेवण करणार कोण?"

हे तिनं हसत म्हटलं. मी हसले नाही. तिच्या मते मी तुला मुद्दाम अडकवून ठेवलं. मी तिला शांतपणे समजावलं. जुलैच्या परीक्षेत आणि ऑक्टोबरच्या परीक्षेत, दोन्ही वेळा तुझं संभाषण कमी पडलं आणि मी तेच लिहिलं, 'आणखी सराव हवा'. मी खोटं लिहिलं नाही. आणखी सराव कुणाला नको असतो?

मी विचारलं होतं, रुग्ण वेदनेनं ओरडतो आहे, तू त्याच्याशी पहिलं वाक्य काय बोलशील? तू म्हणालीस, "बोलत कामून बसू काकू? आधी पाहीन नं कुठं दुखतंय ते." सगळा वर्ग हसला. भर परीक्षेत तू मला काकू म्हणालीस. घरात काकू आणि वर्गात मॅडम, हे तुला किती वेळा सांगितलं होतं!

आमच्या शाळेत सिस्टर फिलोमिना होत्या. त्या म्हणायच्या, अर्धवट तयार झालेली मुलगी जगात पाठवणं हे शिक्षिकेचं पाप. एका कवितेसाठी त्यांनी मला आठवडाभर रोज उभं केलं होतं. मी त्यांना तेव्हा शिव्या दिल्या, पण ती कविता अजून पाठ आहे. तूही एक दिवस मला दुवा देशील, असं मला वाटत होतं.

वासंती टिपणीस


द्वारका
बुधवार, २६ नोव्हेंबर

गिरिजा,

मागच्या पत्रातलं एक वाक्य दुरुस्त करते. 'खोटं लिहिलं नाही' असं मी लिहिलं होतं. ऑक्टोबरच्या त्याच परीक्षेत मी पलवलच्या एका मुलीला पास केलं. तिला 'गुड मॉर्निंग'च्या पुढे एक वाक्य येत नव्हतं. ती आज नोकरीला आहे.

बाकी काही नाही. हवा इतकी वाईट आहे की खिडक्या उघडता येत नाहीत.

वा. टि.


द्वारका
गुरुवार, ४ डिसेंबर

गिरिजा,

काल रुचिता आली होती. तुम्हाला नोकऱ्या लावून देण्याचं केंद्रातलं सगळं काम तिच्याकडे आहे आणि ती कुणाच्या घरी सहसा जात नाही. मी बस म्हटलं तरी ती उभीच राहिली.

"मॅडम, एक विचारू? त्या दिवशी पेशंट एकटे होते का?"

"मी तुला फोनवर सांगितलं होतं."

"म्हणूनच विचारतेय. आता लिफ्टमध्ये मिसेस चड्ढा भेटल्या. म्हणाल्या, मैं तो दो घंटे बैठी थी, लड़की मुझे बुला के, दवाई समझा के, चाय बना के गई."

मी म्हटलं, "चड्ढाबाईंना गप्पा मारायची सवय आहे."

"मॅडम," रुचिता म्हणाली, "मला खरं सांगा ना."

तिला मी ते पूर्ण सांगितलं नाही. तुला सांगते, कारण तुला निम्मं माहीत आहे आणि उरलेलं निम्मं माहीत असण्याचा हक्क तुझा आहे.

त्या रविवारी सकाळी रुचितानं तुला फोन केला होता. तिच्या मनात काही नव्हतं, ती तुझी समजूत घालायला बोलली. ऑक्टोबरच्या प्रात्यक्षिकाला फरीदाबादच्याच एका हॉस्पिटलची मेट्रन आली होती, तिनं तुझं काम बघून तुझं नाव घेऊन मागणी केली होती. रुचितानं मला विचारलं आणि मी म्हटलं, गिरिजा अजून तयार नाही. ते तुला मी सांगितलं नव्हतं. दुपारी तू ताटं वाढलीस आणि उभी राहिलीस.

"काकू, दवाखान्यातून माझं नाव आलं होतं का?"

"कोण म्हणालं?"

"कोणीबी म्हणू द्या. आलं होतं का, तेवढं सांगा."

"कढी गार होतेय."

"काकू."

"तुला काय वाटतं, हॉस्पिटल म्हणजे आपलं घर आहे? तिथे इंग्रजी बोलतात. चार दिवसांत परत पाठवतील. मी तुझी अब्रू वाचवली."

तू म्हणालीस, "माझी का तुमची सोय?" आणि मी म्हटलं, "भांडी आवर आधी." ते किरकोळ बोलणं ते हेच.

मग मी साडी नेसून सत्काराला गेले.

चड्ढाबाईंचा फोन आला तेव्हा मी लगेच निघाले नाही, हेही लिहिते. आधी फोटो होता. घरी पोचले तेव्हा विश्वासचं सगळं झालेलं होतं. औषध दिलेलं, चादर बदललेली, उशा पाठीशी लावलेल्या. चड्ढाबाई तू थर्मासमध्ये करून ठेवलेला चहा पीत होत्या. मी त्यांच्यासमोर केंद्राला फोन लावला आणि मराठीत बोलले, म्हणजे त्यांना कळू नये. मी म्हटलं, गिरिजा रुग्णाला एकटं सोडून पळाली.

एकटं. हा शब्द तोंडातून चुकून गेलेला नाही. मी बत्तीस वर्षं हेच काम केलं आहे. नुसती निघून गेली असं सांगितलं तर केंद्र कारण विचारणार होतं. रुग्णाला एकटं टाकलं म्हटलं की कुणी कारण विचारत नाही, नाव तत्काळ काढतात आणि सगळ्या हॉस्पिटलांना कळवतात. केंद्राच्या समितीवर मी आहे, हा नियम तिथे मीच करून घेतलेला आहे.

पलंगावरून विश्वास म्हणाला, "खो... टं."

त्याचे शब्द फार थोडे आहेत आणि त्यातले बरेचसे कळत नाहीत, पण हा स्पष्ट होता. चड्ढाबाईंनी विचारलं, "भाई साहब क्या कह रहे हैं?" मी म्हटलं, "पानी माँग रहे हैं." आणि मी त्याला पाणी पाजलं. त्यानं तोंड मिटून घेतलं, पाणी सगळं गळ्यावरून खाली गेलं. त्या दिवसापासून तो माझ्या हातून जेवत नाही. मालिकेतल्या सासूचं मी नीरजाला सांगितलं ते कारण खरं नाही.

तेव्हा पहिल्या पत्राच्या सुरुवातीला मी वेळ चुकीची लिहिली. ९ नोव्हेंबरला जे वाईट घडलं ते चार वाजून दहा मिनिटांनी नाही. ते पावणेसातला घडलं, माझ्या फोनवरून.

रुचिता जाताना म्हणाली, "हॉस्पिटल क्वार्टर देणार होतं मॅडम. मुलीला घेऊन राहता आलं असतं तिला. शाळा अगदी समोर आहे."

मी म्हटलं, "हो का?"

पण मुलीचं मला माहीत होतं. तूच सांगायचीस. तनयाला तिसरीत दिल्लीच्या शाळेत घालायचं, हणमंतच्या बायकोचे टोमणे तिला ऐकायला लागू नयेत, ती मामीच्या घरात जेवायला मागायला लाजते, हे सगळं तू विश्वासचे पाय चोळताना सांगायचीस आणि मी पेपर वाचत असल्यासारखी ऐकायचे. संध्याकाळी सातला तनयाचा फोन आला की मला नेमका चहा हवासा वाटायचा. तू फोन कानाला लावून ओट्याशी उभी राहायचीस, तेव्हा मी म्हणायचे, "गॅसजवळ फोन नको."

रुचिता म्हणाली, तू आता दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जातेस. नांदेडच्या एका दवाखान्यात गेली होतीस, पण त्यांनी केंद्राकडे चौकशी केली आणि नकार दिला.

मी हे का केलं ते विचारशील. विचारणार नाहीस बहुतेक. माणूस मिळत नव्हतं असं नाही, ब्यूरो दिल्लीत गल्लोगल्ली आहेत. मला भीती वाटत होती. एकेचाळीस वर्षं या माणसाशी मी भांडले, आणि आता तो उत्तर देऊ शकत नाही. त्याच्या खोलीत एकटं बसलं की मला श्वास पुरायचा नाही. तू आलीस आणि त्या खोलीत आवाज आला. तू त्याला म्हणायचीस, "बाबा, पत्ते चोरू नका, मला दिसतंय," आणि तो हसायचा. मी दाराबाहेर उभी राहून ते ऐकायचे. तुला जाऊ दिलं असतं तर मला आत जावं लागलं असतं.

हे कारण आहे, सबब म्हणून देत नाही. सबब मला चांगली ओळखता येते.

वासंती


द्वारका
रविवार, १४ डिसेंबर

गिरिजा,

आज फरीदाबादला समितीची बैठक झाली. मी मुद्दाम विषय घेऊन गेले होते. आमचे अध्यक्ष यशोधन प्रधान तुला आठवत असतील. केंद्राच्या उद्घाटनाच्या भाषणात त्यांनी 'स्वावलंबन' हा शब्द अकरा वेळा वापरला, असं तूच म्हणाली होतीस.

मी म्हटलं, "गिरिजाबद्दल मी केंद्राला खोटी माहिती दिली. रुग्ण एकटा नव्हता. आणि परीक्षेत मी तिला दोनदा जाणूनबुजून मागे ठेवलं, ती माझ्या घरी राहावी म्हणून."

मग प्रधान म्हणाले, "वासंतीताई, चहा घ्या आधी."

"हे मिनिट्समध्ये लिहा."

"अहो, असं मिनिट्समध्ये कोणी लिहितं का? घरात एवढं आजारपण. अशा वेळी माणसाचा थोडा गैरसमज होतो."

"गैरसमज नाही. खोटं."

"तेच ते."

"तेच ते नाही, प्रधान. मी आयुष्यभर मराठीत आणि इंग्रजीत माणसांना नोकरीवरून काढलं आहे. मला फरक कळतो."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुम्ही फार मनाला लावून घेता. हे बघा, आपल्याच समितीतल्या बाईनं प्रशिक्षणार्थीला घरकामाला ठेवलं असं कागदावर आलं, तर पुढच्या वर्षी कोणती कंपनी आपल्याला मदत करेल? चाळीस बायकांचं नुकसान एकीसाठी करायचं?"

हा युक्तिवाद मला ओळखीचा होता. मीच तो पूर्वी वापरलेला आहे, वेगवेगळ्या टेबलांच्या त्या बाजूला बसून.

रुचिता म्हणाली, "सर, निदान तिचं नाव तरी साफ करा."

"करू की! पुढच्या तुकडीत घेऊ तिला. पहिल्यापासून शिकेल. आपण मन मोठं करू."

"तिला सगळं येतं सर. आता पुन्हा काय शिकणार?"

"काही वाया जात नाही. आणखी सराव होईल."

सगळ्यांनी माना डोलावल्या. माझी मानही सवयीनं डोलायला निघाली होती, मी ती थांबवली. मी राजीनामा दिला. प्रधान म्हणाले, असा राजीनामा आम्ही स्वीकारणार नाही, आणि एक ढोकळ्याची बशी माझ्यापुढे सरकवली. तुझं नाव ज्या यादीतून काढलं होतं, तिथून ते काढलेलंच राहिलं. कारण 'तिच्याकडून कसलीही तक्रार नाही'.

मेट्रोत मला बसायला जागा मिळाली नाही, आणि कुणी दिली नाही याचा मला राग आला. बदरपूरपर्यंत त्याच रागात होते. मग लक्षात आलं की मला आज कुणावर तरी रागवायचंच होतं.

घरी आले. ब्यूरोतली बाई निघून गेली आहे. आल्या आल्या मीच तिचं काम बंद केलं. विश्वासच्या खोलीत खुर्ची ओढून बसले आणि बैठकीत काय झालं ते सगळं सांगितलं. त्यानं ऐकलं. शेवटी डावा हात वर केला. मला वाटलं, माझ्या हातावर ठेवेल. त्यानं टीव्हीचा रिमोट दाखवला.

वासंती


द्वारका
रविवार, २१ डिसेंबर

गिरिजा,

हे शेवटचं पत्र आहे, आणि कामाचं आहे. नीट वाच, हणमंतला वाचून दाखव, आणि त्याच्या बायकोलाही ऐकू दे.

आठवडाभर मी विचार केला. मी समितीत कितीही ओरडले तरी ते माझ्या म्हातारपणावर आणि नवऱ्याच्या आजारावर ढकलतील. मी लिहून दिलं तर तो कागद प्रधान आपल्या कपाटात ठेवतील, आणि त्या कपाटाची किल्ली कुठे असते ते त्यांना स्वतःलाही आठवत नाही. पण केंद्राच्या नियमांत एक कलम आहे. प्रशिक्षणार्थीनं शिक्षिकेविरुद्ध स्वतः लेखी तक्रार केली, तर पंधरा दिवसांत दोघींना समोरासमोर बसवून सुनावणी घ्यावीच लागते आणि निकाल लिहूनच द्यावा लागतो. ते टाळता येत नाही. टाळता येऊ नये असंच ते लिहिलेलं आहे. लिहिताना मला वाटलं होतं, हे कधी वापरायची वेळ येणार नाही, कारण शिकवायला आम्ही सगळी चांगल्या घरची माणसं आहोत.

तोंडी बोलण्याला किंमत नसते. माझ्या बोलण्याला नाही आणि रुचिताच्याही नाही. तुझ्या सहीचा कागद हवा.

हॉस्पिटलच्या मेट्रनना मी स्वतः जाऊन भेटले. बाई करड्या आहेत, मला आवडल्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "आपने किया, और आप ही बता रही हैं?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, केंद्राकडून नाव साफ होऊन आलं तर जानेवारीअखेरपर्यंत जागा आणि क्वार्टर राखून ठेवते, त्यापुढे एक दिवसही नाही. म्हणून घाई आहे.

तक्रारीत काय लिहायचं याचा मसुदा मी तुझ्यासाठी तयार केला होता. चांगला झाला होता. दुसऱ्या दिवशी वाचला आणि फाडला. तुला कोणते शब्द येत नाहीत हे ठरवण्यात मी सात महिने घालवले, आता तुझे शब्दही मीच लिहून देऊ? तू लिही. मराठीत लिही. कामून लिहावंसं वाटलं तर कामूनच लिही. एवढंच सांगते, की काहीही गाळू नकोस. बाल्कनी गाळू नकोस. कांदे गाळू नकोस. तनयाचे फोन गाळू नकोस, तुला वाटेल ते लहान आहेत, पण ते लहान नाहीत. मी तुला साडी दिली, बूट दिले, तापात औषध आणून दिलं, असं काहीबाही आठवून हात थांबेल. थांबू देऊ नकोस. सुनावणीत ते मी स्वतः सांगणार नाही, आणि तूही सांगायचं नाहीस.

दिल्लीला ये असं मी म्हणत नाही. सुनावणीला यावं लागेल, तेव्हा रुचिता तुला स्टेशनवर घ्यायला येईल आणि तिच्याकडेच तुझी सोय होईल. द्वारकेला पाऊल टाकायची गरज नाही. निकालानंतर फरीदाबादची नोकरी नको वाटली, गावाजवळ नांदेडलाच काम करावंसं वाटलं, तर तसं कर. नाव साफ झालं की कुठलाही दवाखाना तुला नाही म्हणणार नाही.

विश्वासबद्दल या पत्रात काही लिहीत नाही. तो बरा आहे की नाही, काय म्हणाला, काहीही नाही. तीनदा लिहिलं आणि तीनदा तो कागद टाकून दिला, कारण तिन्ही वेळा मला दिसलं की मी तुला बोलावते आहे.

माफी मागितलेली नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. ती मला मागता येते, कॉन्व्हेंटमध्ये पहिलं तेच शिकवतात. पण मी मागितली तर तू कदाचित देशील. तू तशी आहेस. आणि दोघींचा समेट झाला आहे असं कळलं की प्रधान ती तक्रार आनंदानं निकाली काढतील, आणि तुझं नाव आहे तिथेच राहील. तेव्हा माझ्यावर दया करायची असेल तर ती हॉस्पिटलची नोकरी लागल्यावर कर. तोपर्यंत मला तुझी दया नको, तुझा राग हवा, आणि तो कागदावर हवा.

सोमवार, ५ जानेवारी २०२६, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत तुझी लेखी तक्रार, तुझ्या हस्ताक्षरात आणि सहीनिशी, फरीदाबादच्या कार्यालयात पोचली पाहिजे. स्पीड पोस्टनं पाठव. मला त्याची प्रत पाठवायची नाही.

वासंती टिपणीस